शूबर्टशेजारची खुर्ची

दादरला आमचे एक स्नेही राहतात. वयाने माझ्याहून वडील. युरोपीय अभिजात संगीताच्या तबकड्या दोन कपाटे भरून. आणि एकदा बनलेले मत बदलणे म्हणजे राहते घर बदलण्याइतके कटकटीचे काम, अशी त्यांची समजूत. गेल्या पावसाळ्यात एका संध्याकाळी त्यांच्याकडे बसलो असता मी सहज (खरे सांगायचे तर अगदीच सहज नव्हे) म्हणालो की, बीटल्सची निदान दहा-बारा गाणी शूबर्टच्या गाण्यांच्या पंगतीला बसवायला मला मुळीच संकोच वाटत नाही. गृहस्थांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा डोळ्यांवर चढवला आणि विचारले, "अहो, तुम्ही विचार करून बोलता आहात ना?"

मी विचार करूनच बोलत होतो. परंतु तो विचार त्या संध्याकाळी मला धडपणे मांडू दिला गेला नाही. तो येथे मांडतो.

वाद मी सुरू केलेला नाही. लंडनच्या 'टाइम्स'सारख्या भारदस्त पत्राचा संगीतसमीक्षक विल्यम मान याने २७ डिसेंबर १९६३ च्या अंकात या चार पोरांवर एक लेख लिहिला. त्यांच्या एका गाण्याच्या शेवटी येणारी स्वरसंगती आणि माहलरच्या एका थोर कृतीचा शेवट यांचे साम्य त्याने दाखवले, आणि त्या शेवटाला 'एओलियन कॅडन्स' असे भरजरी नाव दिले. दोनच दिवसांनी 'संडे टाइम्स'मध्ये रिचर्ड बकल या नृत्यसमीक्षकाने त्याच्याही पुढे उडी मारली : बीथोव्हननंतरचे सर्वांत मोठे संगीतरचनाकार हेच! पुढे जॉन लेननला त्या 'एओलियन कॅडन्स'विषयी विचारले, तेव्हा तो म्हणाला की, ते काय असते हे मला आजतागायत ठाऊक नाही. नाव ऐकून वाटते की परदेशी पाखरे असावीत.

माझा पहिला राग आमच्या स्नेह्यांवर नाही. तो या भाटांवर आहे. बहिणाबाईंच्या ओवीची थोरवी सांगताना कोणी म्हणावे की तिच्यात कालिदासाच्या तोडीची उपमा सापडते, म्हणून ती चांगली. तसा हा प्रकार आहे. ओवी कालिदासाच्या शिफारसपत्रावर जगत नाही. लिव्हरपूलच्या बंदरात वाढलेल्या मुलांच्या गाण्याला माहलरचा अंगरखा चढवला की त्या गाण्याची प्रतिष्ठा वाढते असे ज्याला वाटते, त्याने ते गाणे ऐकलेलेच नसते. त्याने फक्त अंगरखा पाहिलेला असतो. आणि बीथोव्हनच्या खुर्चीविषयी बोलायचे तर ती खुर्ची या मुलांनी मागितलीच नव्हती. चक बेरीने १९५६ साली बीथोव्हनला बाजूला सरकायला सांगणारे एक गाणे केले आणि बीटल्सनी १९६३ साली ते पुन्हा गाऊन मुद्रित केले, हे खरे; पण ती थट्टा होती. थट्टेला दावा समजण्याची चूक भाटांनीही केली आणि द्वारपालांनीही.

आता द्वारपालांकडे वळतो. त्यांचा पहिला आक्षेप असा की, ज्याला स्वरलेखन वाचता येत नाही तो रचनाकार कसला? पॉल मॅकार्टनीला स्वरलेखन वाचता येत नाही, हे त्याने स्वतःच अनेकदा सांगितले आहे. १९६७ च्या जानेवारीत त्याने दूरचित्रवाणीवर बाखची दुसरी ब्रांडेनबुर्ग कन्चेर्टो ऐकली. तीतले उंच, चमकदार आवाजाचे छोटे ट्रम्पेट त्याच्या मनात भरले आणि ते आपल्या 'पेनी लेन' या गाण्यात हवे असा हट्ट त्याने धरला. वादक डेव्हिड मेसन आला. पॉल तोंडाने ओळ गात होता आणि निर्माता जॉर्ज मार्टिन ती कागदावर उतरवून घेत होता. यावर आमचे स्नेही हसतात. मराठी माणसाने यावर हसावे याचे मला नवल वाटते. बहिणाबाई चौधरींना अक्षरओळख नव्हती. त्या शेतात नि जात्यावर गात होत्या आणि घरातले कोणी ते उतरवून घेत होते. ते पुस्तक १९५२ साली निघाले, तेव्हा 'पण बाईंना लिहिता कुठे येत होते?' असे विचारण्याची शामत महाराष्ट्रात कोणाची झाली नाही. आणि आमचे रागसंगीत? सदारंगाच्या बंदिशी दीडदोनशे वर्षे गळ्यातून गळ्यात फिरत राहिल्या. त्यांपैकी जेवढ्या हाती लागल्या तेवढ्या पुढे भातखंड्यांनी उस्तादांच्या विनवण्या करकरून कागदावर आणल्या. कागद नव्हता तोवर त्या रचना नव्हत्या काय?

दुसरा आक्षेप याहून वजनदार आहे, आणि तो मी टाळणार नाही. 'एलिनॉर रिग्बी' या १९६६ च्या गाण्यात आठ तंतुवाद्ये आहेत : चार व्हायोलिने, दोन व्हिओला, दोन चेलो. बीटल्सपैकी एकानेही त्यात वाद्याला हात लावलेला नाही. ते फक्त गातात. तंतुवाद्यांचे लेखन सबंध जॉर्ज मार्टिनचे. हा गृहस्थ लंडनच्या गिल्डहॉल विद्यालयात ओबो शिकलेला होता. मग ज्या गाण्याच्या बळावर मी मॅकार्टनीला शूबर्टशेजारी बसवतो, त्यातले निम्मे श्रेय शिकल्यासवरलेल्या माणसाचेच नव्हे काय? आहे. निम्मे की तिसरा हिस्सा, यावर घासाघीस करता येईल, पण आहे. शूबर्टच्या 'एर्लक्योनिग'मधल्या घोड्याच्या टापा पियानोवर वाजवून घेणारा माणूस आणि ती चाल सुचलेला माणूस एकच होता, नि तोही अठरा वर्षांचा. इथे तसे नाही. इथे रचनाकार म्हणजे एक माणूस नसून एक खोली आहे. त्या खोलीत गाणारा आहे, लिहून घेणारा आहे आणि ध्वनिक्षेपक तारांच्या इतका जवळ नेऊन ठेवणारा तंत्रज्ञ आहे की गजाची खरखर ऐकू यावी. वादकांना ती जवळीक आवडली नव्हती, असे सांगतात. परंतु त्या खरखरीवाचून ते गाणे गुळगुळीत झाले असते. ती रचनेचाच भाग आहे, आणि ती कोणत्याही कागदावर लिहिलेली नाही.

श्रेय वाटले गेले म्हणून कृती लहान होते, हे मात्र मला मान्य नाही. मोत्सार्टच्या 'रेक्विएम'मधला 'लाक्रिमोझा' ऐकून आमच्या स्नेह्यांचे डोळे पाणावतात; मी पाहिले आहे. त्याचे पहिले आठच बार मोत्सार्टच्या हातचे आहेत. उरलेला त्याच्या मृत्यूनंतर झ्यूसमायरने पुरा केला. नवव्या बारापाशी कोणी डोळे पुसून घड्याळ पाहिल्याचे ऐकिवात नाही.

आता मूळ मुद्दा. दहा गाणी घेऊन दहा वाक्यांत वाट लावण्यापेक्षा मी दोनच घेतो, एक तिकडचे नि एक इकडचे.

शूबर्टने १८२७ साली, म्हणजे मरणाच्या आदल्या वर्षी, विल्हेल्म म्युलरच्या कवितांवर 'विंटररायझ' ही चोवीस गाण्यांची माला रचली. हिवाळ्यात भटकत निघालेल्या एका दुखावलेल्या तरुणाची ती गाणी. शेवटचे गाणे 'डेर लायरमान'. गावाबाहेर एक म्हातारा दांडा फिरवून वाजवायचे एक हलके तंतुवाद्य वाजवीत उभा आहे. पाय अनवाणी, खाली बर्फ, समोरची थाळी रिकामी. ऐकायला कोणी नाही. कुत्री तेवढी गुरगुरतात. पियानोच्या डाव्या हाताला शूबर्टने काय दिले? षड्ज आणि पंचम. बस्स. पहिल्या बारापासून शेवटापर्यंत तेच दोन स्वर, आमच्या तंबोऱ्यासारखे; वर उजव्या हातात त्या वाद्याची एक लंगडी लकेर, आणि ती थांबली की गाणाऱ्याची एक ओळ. स्वरसंगतीचा एवढा मोठा सम्राट, एका वळणात माणसाला दुसऱ्या ऋतूत नेऊन सोडणारा. त्याने येथे सगळे खजिने बंद करून ठेवले. त्या गारठ्यात काहीही हलत नाही.

'एलिनॉर रिग्बी'त मूळ स्वरसंघात दोनच आहेत. एक बाई लग्न आटोपल्यानंतरच्या चर्चमध्ये सांडलेले तांदूळ वेचते आहे. एक धर्मोपदेशक प्रवचन लिहितो आहे. ते ऐकायला कोणी येणार नाही. बाई मरते, आणि मयताला कोणी येत नाही. ती ज्या चर्चमध्ये मेली तिथला उपदेशक हाच; म्हणजे ही दोन माणसे भेटतात ती तिला मूठमाती देताना. चाल आमच्या काफी थाटाच्या अंगाची. एकटेपणाची माणसे ज्या ठिकाणी येतात त्या ध्रुवपदापाशी मधल्या स्वरांतून एक ओळ उतरते : कोमल निषाद, शुद्ध धैवत, कोमल धैवत, पंचम. घरच्या पेटीवर ही ओळ वाजवून पाहावी. शुद्ध धैवताच्या पाठोपाठ कोमल धैवत येतो, तेव्हा पायाखालची फरशी बोटभर खचल्यासारखे वाटते. बाकी सारे जागच्या जागी. आठ तंतुवाद्ये चाबकासारखी ठोके देत राहतात; एकालाही लडिवाळपणे ओढलेला सूर दिलेला नाही. सव्वादोन मिनिटांच्या आत सर्व आटोपते.

आता मला सांगा, या दोहोंत जात वेगळी कोठे आहे? दोन्हीकडे विषय एकच : कोणी ऐकत नाही. दोन्हीकडे युक्तीही एकच : हलता येत असताना न हलणे. शूबर्ट अधिक खोल जातो, हे मी कबूल करतो. कारण शेवटी त्याचा तरुण त्या म्हाताऱ्याला विचारतो की मी तुझ्याबरोबर येऊ का, आणि त्या प्रश्नापाशी गाणे संपते. मॅकार्टनीच्या गाण्यात कोणी कोणाला काही विचारत नाही. पण अधिक खोल आणि कमी खोल हे एकाच विहिरीचे हिशेब झाले. आमचे स्नेही म्हणतात, एकीकडे विहीर आहे आणि दुसरीकडे रस्त्यावरचे डबके. हे मला अमान्य आहे.

बाकीची उदाहरणे धावती. 'यस्टर्डे'ची पहिली ओळगत आठ बारांची असायला हवी, ती सात बारांत संपते. आणि एक पाऊल कमी पडल्याची ती जाणीवच त्या गाण्याचे दुःख होऊन बसते. रचताना मॅकार्टनीने वय वर्षे तेवीसही पुरी केली नव्हती बहुधा. 'स्ट्रॉबेरी फील्ड्स'ची दोन ध्वनिमुद्रणे वेगळ्या स्वरात, वेगळ्या लयीत होती. लेननने ती जोडून द्या म्हटले आणि जॉर्ज मार्टिनने फितीची गती कमीअधिक करून खरोखरच जोडली. ती जागा ठाऊक असलेल्यालाच सापडते. ही शाईची कारागिरी नाही, फितीची आहे. पण कारागिरी आहे.

धंदेवाईकपणाचा आक्षेप मी विचारातही घेत नाही. हायडन तीसएक वर्षे एस्टरहाझी घराण्याच्या चाकरीत होता, चाकराचा पोशाख घालत होता, आणि मालकाला बॅरिटोन नावाचे एक अवघड तंतुवाद्य वाजवायची हौस होती म्हणून त्याने त्या वाद्यासाठी शंभरावर त्रिवाद्यरचना लिहून दिल्या. शूबर्टनेही मित्रांच्या बैठकींत नाचायला वॉल्ट्झ लिहिले. गिऱ्हाईक बदलते, एवढेच.

येथवर वाचून जे तरुण वाचक खूष झाले असतील, त्यांना आता जरा नाराज करतो.

शूबर्टने मरणापूर्वी काही आठवडे सी-मेजरमधले तंतुपंचक पुरे केले. त्यातला संथ भाग सुरू होतो तेव्हा काही घडतच नाहीसे वाटते. मधले तीन आवाज लांबलचक सूर धरून राहतात, वर व्हायोलिन अधूनमधून दोन शब्द बोलते, खाली दुसरा चेलो तार छेडतो. मग अचानक मधोमध वादळ फुटते. आणि वादळ ओसरल्यावर तेच संथ सूर परत येतात, पण आता ते तेच राहिलेले नसतात. वर-खाली नव्या नक्षीच्या हालचाली सुरू झालेल्या असतात, जणू शांततेला झालेला प्रकार आठवतो आहे. हे करायला पंधराएक मिनिटे लागतात. दोन मिनिटांत ते होऊच शकत नाही. ऐकणाऱ्याच्या स्मृतीवर बांधकाम करण्याची ही विद्या आहे. बीथोव्हनच्या पाचव्या सिंफनीत चार स्वरांचा ठोका अर्धा तास रूपे बदलत राहतो आणि शेवटच्या भागाच्या विजयघोषातच मागल्या भागाचे भूत पुन्हा डोकावून जाते. तीही याच विद्येची करामत. बीटल्सकडे ही विद्या नव्हती. 'अ‍ॅबी रोड'च्या दुसऱ्या बाजूवर त्यांनी १९६९ साली तुकडे गुंफून एक लांब मालिका केली, तीही माळच आहे. बीजातून झाड उगवावे तशी ती उगवलेली नाही. 'अ डे इन द लाइफ'मध्ये चाळीस वादकांनी चोवीस बारांत तळापासून शिखरापर्यंत उसळी घ्यावी, ही कल्पना विलक्षण खरी. पण ती उसळी आहे, प्रवास नव्हे. आमच्याकडेही बंदीश चार ओळींचीच असते, असे कोणी म्हणेल. असते, पण तिला धरून ख्यालिया तासभर बढत करतो. पॉपच्या गाण्याला अशी बढत नाही. ते तबकडीवर जेवढे आहे तेवढेच आहे.

म्हणून बीथोव्हनची खुर्ची मी कोणाला देत नाही. शूबर्टचीही देत नाही. शूबर्टच्या ज्या बाजूला त्याची सहाशेहून अधिक गाणी बसली आहेत, त्या बाजूला एक खुर्ची रिकामी आहे असे माझे म्हणणे आहे.

गंमत अशी की, या दोन बाजूंचा फरक खुद्द मॅकार्टनीलाच पुरता पटलेला दिसत नाही. १९९१ च्या जूनमध्ये लिव्हरपूलच्या कथीड्रलमध्ये त्याची 'लिव्हरपूल ऑरेटोरिओ' सादर झाली. कार्ल डेव्हिस या संगीतकाराच्या साहाय्याने रचलेली, आठ भागांची, दीड तासाची. गायला किरी ते कानावासारखी गायिका, शिवाय मोठा वाद्यवृंद नि गायकवृंद. मी ती पुरी ऐकली आहे, आणि सद्भावनेने ऐकली आहे. मधूनमधून एखादी चाल डोके वर काढते, भोवतालचे लवाजमे बघून बावरते आणि पुन्हा गर्दीत मिसळते. दोन मिनिटांच्या गाण्यात ज्याने एक सबंध आयुष्य आणि एक अंत्ययात्रा बसवली, त्याला दीड तासाचे काय करावे ते कळलेले नाही. त्याला कोणीतरी सांगितले असावे की संगीताला माडी असते आणि चांगला माणूस शेवटी माडीवर राहायला जातो. हे सांगणारे भाट आणि द्वारपाल या दोघांमधलेच असणार.

हे सारे दूर लंडनचे, त्याचा आम्हाला काय उपद्रव, असे वाटेल. पण द्वारपाल आमच्याकडेही होऊन गेले. १९५२ साली नभोवाणीमंत्री झालेले डॉ. बा. वि. केसकर हे विद्वान गृहस्थ, मराठीच. शास्त्रोक्त संगीताविषयी त्यांना खरी कळकळ होती, आणि त्यांच्या काळात आकाशवाणीने त्या संगीतासाठी पुष्कळ केले. परंतु त्याच कळकळीपोटी आकाशवाणीवरून चित्रपटगीते हद्दपार झाली. लोकांनी काय केले? काटा फिरवला आणि रेडिओ सिलोन लावले. शेवटी १९५७ साली 'विविध भारती' सुरू करून तीच गाणी परत बोलवावी लागली. तीनसाडेतीन मिनिटांच्या चित्रपटगीताचे मोल खानदानी गवयाच्या तीनसाडेतीन तासांच्या मैफलीइतकेच असू शकते, हे लतादीदींच्या गाण्याविषयी लिहिताना सांगणारा माणूस कोणी फिल्मवाला नव्हता. ते कुमार गंधर्व होते. ज्याच्या घरात ऐवज असतो त्याला दाराशी काठी घेऊन बसावे लागत नाही.

आणि ही काठी उलटते कशी, ते पाहा. १८१६ साली शूबर्टच्या मित्रांनी गटेच्या कवितांवरची त्याची गाणी एका वहीत नीट उतरवून, अदबीचे पत्र जोडून, त्या महाकवीकडे धाडली. त्यांत 'ग्रेटखेन' होते, 'एर्लक्योनिग' होते. पार्सल उत्तराशिवाय परत आले. गटेला गाणे कसे असावे ते पक्के ठाऊक होते, आणि ते तसे नव्हते.

ही गोष्ट मी त्या संध्याकाळी स्नेह्यांना सांगितली. ते गप्प राहिले. मग उठून त्यांनी 'डेर लायरमान' लावले आणि ते संपल्यावर, माझ्या भिडेखातर, मी बरोबर आणलेले 'एलिनॉर रिग्बी'. दोन्ही ऐकताना त्यांनी डोळे मिटून घेतले होते. सुई उचलून झाल्यावरही ते थोडा वेळ तसेच बसले.

"व्हायोलिने चांगली लिहिली आहेत," अखेर ते म्हणाले. "पण ती काही त्या पोराने लिहिलेली नाहीत."

"नाहीत," मी म्हणालो. "तुम्ही शंकर-जयकिशनच्या गाण्यांतली व्हायोलिने एवढी वाखाणता, ती तरी कोणी लिहिली? सेबॅस्टियन डिसूझांनी."

"ते कोण?" त्यांनी विचारले.